गोदाकाठचे जागले

(नभोवाणीवरून केलेले भाषण)

मी शिर्डीचा एक निवृत्त शाळामास्तर. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, आणि त्यावर अध्यापनाचे प्रमाणपत्र. तेव्हा आजच्या भाषणात विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये. मला एका चुकीची कबुली द्यावयाची आहे, आणि त्या निमित्ताने आपल्या वरच्या अंगाला, नाशिकच्या गोदाकाठी, काही सामान्य नागरिकांनी जे काम चालविले आहे, त्याची हकीकत सांगावयाची आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. सहामाही परीक्षेत मी चौथीच्या मुलांना एक सोपा प्रश्न घातला होता : ‘गोदावरीच्या काठावरील तीन गावांची नावे लिहा.’ बहुतेकांनी नाशिक, कोपरगाव आणि पैठण अशी नावे लिहिली. एका मुलाने मात्र पैठणच्या जागी शिर्डी लिहिले. मी त्या नावावर लाल शाईची रेघ ओढली आणि गुण कापला. मुलगा गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. पेपर हातात पडताच तो उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, आमच्या घरी गंगेचंच पाणी येतं की!” आमच्या भागात गोदावरीला सारे गंगाच म्हणतात, हे आपणांस ठाऊक आहेच. मी त्याला खाली बसविले, भिंतीवरच्या नकाशावर छडी ठेवली, आणि नदी कोपरगावावरून जाते, शिर्डी तिच्यापासून दूर दक्षिणेला आहे, असे सर्व वर्गाला दाखवून दिले. नकाशा माझ्या बाजूचा होता. मुलगा हिरमुसला होऊन बसला.

आज मला वाटते, नकाशा वाचण्यात चूक माझी होती. त्या मुलाने नदीला तिच्या पात्रापुरती मानली नव्हती; ती जिथवर पोचते तिथवर मानली होती.

आता हे पाणी आपल्यापर्यंत येते कसे ते पाहू. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर गोदावरीचा उगम. तेथून ती गंगापूरच्या धरणात येते, मग नाशिक शहरातून वाहते. शहराच्या खाली निफाड तालुक्यात कादवा नदी तिला मिळते, आणि त्या संगमाजवळ नांदूर मधमेश्वर येथे इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत, बंधारा बांधला गेला. या बंधाऱ्यापासून दोन कालवे निघतात, एक डावा आणि एक उजवा. कोपरगाव आणि राहाता या तालुक्यांतील ऊस, गहू आणि पेरूच्या बागा याच कालव्यांच्या पाण्यावर उभ्या राहिल्या. आमच्या शिर्डीचे साठवण तलावही कालव्याच्या आवर्तनावरच भरत आले आहेत. म्हणजे नाशिकच्या घाटाला लागून जे पाणी पुढे सरकले, त्यातलेच काही नांदूरच्या बंधाऱ्यात विसावून, कालव्याने चालत, आपल्या माठात येऊन बसते. नाशिकचा घाट आणि आपले माजघर यांच्यामध्ये रस्त्याने नव्वद किलोमीटरांच्या आसपासचे अंतर आहे खरे. पण पाण्याच्या हिशेबाने पाहिले, तर नाशिककर हे आपले शेजारी आहेत, आणि शेजारीही वरच्या ओसरीवरचे.

म्हणूनच त्या ओसरीवर कोण काय करतो, हे आपण पाहिले पाहिजे.

पूर्वीच्या गावगाड्यात जागल्या म्हणून एक असामी असे. रात्री गाव निजले की त्याने जागे राहावयाचे. त्याच्या हातात तलवार नसे, बंदूक नसे. चोराशी लढणे हे त्याचे मुख्य काम नव्हतेच. त्याचे काम दोनच गोष्टींचे : डोळे उघडे ठेवावयाचे आणि वेळेवर हाळी द्यावयाची. हाळी ऐकून उठावयाचे की पांघरूण डोक्यावर ओढावयाचे, हे गावाने ठरवावे. नाशिकच्या गोदाकाठी अलीकडच्या काळात जे नागरिक उभे राहिले, त्यांना मी जागले म्हणतो.

त्यांची हाळी कशाबद्दल होती? पहिली गोष्ट सांडपाण्याची. नाशिक हे झपाट्याने वाढलेले शहर. वस्ती वाढली, कारखाने वाढले, आणि पूर्वी पावसाचे पाणी वाहून आणणारे नाले बाराही महिने मैला वाहून आणू लागले. नासर्डी, म्हणजे जिला आता नंदिनी म्हणतात ती, आणि वाघाडी, या उपनद्या एके काळी मुलांच्या पोहण्याच्या जागा होत्या. त्यांची गटारे झाली, आणि ती गटारे गोदावरीस मिळू लागली. हे पाहून काही नागरिकांनी एक संघटना उभी केली आणि तिचे नाव ठेवले ‘गोदावरी गटारीकरण विरोधी मंच’. भाषेचा मास्तर या नात्याने सांगतो, ‘गटारीकरण’ हा शब्द काही शुद्ध म्हणता येणार नाही. पण जी गोष्ट घडत होती तिला याहून नेमके नाव मराठीत सापडले नसते. नदी प्रदूषित झाली, असे म्हटले की ती आपोआप झाल्यासारखे वाटते. गटारीकरण म्हटले की कोणीतरी ते केले, हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येते.

या मंचातील श्री. राजेश पंडित, श्री. निशिकांत पगारे इत्यादी कार्यकर्त्यांनी २०१२ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. एवढ्या मोठ्या महापालिकेविरुद्ध दोनचार नागरिक कागद घेऊन उभे राहिले, हे दृश्य डोळ्यांपुढे आणा. न्यायालयाने हा प्रश्न गंभीरपणे घेतला. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचा, जिला आपण वर्तमानपत्रांत ‘नीरी’ म्हणून वाचतो तिचा, तज्ज्ञ म्हणून सल्ला मागविला गेला. नदीवर देखरेख करण्यासाठी विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. नदीत वाहने व गोधड्या धुणे, निर्माल्य व प्लास्टिक टाकणे, यांवर निर्बंध आले.

आता कोणी म्हणेल, एवढे आदेश निघाले, मग नदी स्वच्छ झाली का? सरळ उत्तर असे की, नाही झाली. आदेश कागदावर निघतो तेव्हा काम संपत नाही, तेथे ते सुरू होते. आदेशाचे पालन झाले की नाही हे पाहावयास पुन्हा कोणीतरी नाल्याच्या मुखाशी जाऊन उभे राहावे लागते. एक बारीकशी गोष्ट सांगतो, म्हणजे हे काम किती चिकाटीचे आहे ते ध्यानात येईल. पाण्यात मैला मिसळला की तो कुजविण्याचे काम सूक्ष्म जंतू करतात, आणि त्यासाठी ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. मैला जितका अधिक, तितकी प्राणवायूची मागणी अधिक. आणि तितका तो माशांना कमी. या मागणीचे माप काढता येते. स्नानास योग्य अशा पाण्यात ती एका लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असा आपल्या देशातला दंडक आहे. परंतु सांडपाणी शुद्ध करण्याची जी केंद्रे जुन्या नियमांनुसार बांधली गेली, त्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याला ३० मिलिग्रॅमपर्यंत मुभा होती. म्हणजे केंद्र चोख चालले, यंत्रे कधी बंद पडली नाहीत, तरीही नदीत जाणारे पाणी स्नानाच्या मापाच्या दसपट वाईट असणार! ही मर्यादा १० वर आणावी, हा नाशिकच्या कार्यकर्त्यांचा आग्रह. तीस आणि दहा या दोन आकड्यांसाठी वर्षानुवर्षे झगडणे यात वर्तमानपत्रात छायाचित्र छापून येण्यासारखे काही नाही. परंतु आपल्या माठातले पाणी कसे असेल, याचा निवाडा अशा रुक्ष आकड्यांतच होत असतो.

दुसरी हाळी काँक्रीटची. ती समजण्यासाठी रामकुंडाकडे चला.

नाशिकचे गोदापात्र हे केवळ पात्र नव्हते; ती कुंडांची माळ होती. रामकुंड, लक्ष्मणकुंड, धनुषकुंड, सीताकुंड, दशाश्वमेध कुंड अशी एकाला एक लागून कुंडे. पेशव्यांच्या घराण्यातील गोपिकाबाईंसारख्यांनी त्यांच्या बांधणीवर द्रव्य खर्चिले. १८८३ साली छापलेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरात या तीर्थांचे वर्णन आहे. या कुंडांचे तळ मोकळे होते. आपला सह्याद्रीचा आणि त्याच्या पायथ्याचा खडक काळा बसाल्ट. त्याच्या भेगांतून आणि सांध्यांतून भूमिगत पाणी झिरपते व योग्य जागी झऱ्याच्या रूपाने वर येते. गोपिकाबाईंच्या काळच्या गवंड्यांना भूगर्भशास्त्राचे पुस्तक ठाऊक नसेल, पण झरा कोठे आहे ते ठाऊक होते, आणि झऱ्याच्या तोंडावर दगड ठेवू नये एवढेही ठाऊक होते.

पुढे सिंहस्थाच्या निमित्ताने गर्दी वाढू लागली. लाखो माणसे एका दिवशी पाण्यात उतरणार, पाय घसरू नये, चिखल होऊ नये, म्हणून पात्राला सिमेंटचा तळ देण्यात आला. २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास हे काम फार झाले. हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. घाटावर चेंगराचेंगरी होऊन माणसे दगावतात, आणि २००३ साली नाशिकला तसा दुर्दैवी प्रसंग घडलाही. तेव्हा सुरक्षिततेचा विचार करणे प्राप्तच होते. पण नदीच्या तळाला सिमेंट घातले की नदीची टाकी होते. झरे गाडले जातात. वरून धरणातून पाणी सोडले तर टाकी भरते, न सोडले तर साचते, सडते आणि आटते.

हे भाकीत नव्हते, ते घडले. एप्रिल २०१६ मध्ये, दुष्काळात, रामकुंड कोरडे पडले. ज्या कुंडात देशभरातून लोक अस्थी घेऊन येतात, तेथे टँकरने पाणी आणून ओतावे लागले. श्रोतेहो, त्या दिवसांत वर्तमानपत्रातले ते चित्र मी बराच वेळ हातात धरून बसलो होतो. टँकरच्या नळीतून तीर्थ पडत होते.

‘गोदाप्रेमी नागरी सेवा समिती’चे श्री. देवांग जानी यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यांची रीत मला मास्तर म्हणून विशेष आवडते. त्यांनी नुसत्या घोषणा दिल्या नाहीत. त्यांनी पुरावा शोधला. जुने नगर-भूमापनाचे नकाशे, गॅझेटियरातील वर्णने, असा कागद जमवून त्यांनी पात्रात सतरा प्राचीन कुंडे होती असे मांडले, आणि सिमेंट काढून ती मोकळी करावीत ही मागणी न्यायालयापर्यंत नेली. नदीच्या आठवणीला कागदाचा आधार मिळाला. त्यानंतर २०२० च्या सुमारास काही कुंडांवरचे काँक्रीट फोडून काढण्यात आले, आणि खालून जिवंत झऱ्यांचे पाणी वर आले. वर्षानुवर्षे तोंड दाबून धरलेला झरा अजून जिवंत होता, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. सर्व कुंडे काही अद्याप मोकळी झालेली नाहीत. तरी जे काही थोडे झाले, त्याने एक सिद्ध झाले : केलेली चूक काढून टाकता येते.

येथे मला माझी दुसरी कबुली द्यावयाची आहे. १९८८ साली वडिलांच्या अस्थी घेऊन मी रामकुंडावर गेलो होतो. रामकुंडात अस्थी विरघळतात, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. विधी झाला. अस्थी पाण्यात सोडल्या. हातात राहिली ती प्लास्टिकची पिशवी, सुतळी, हाराचा दोरा. मी इकडे तिकडे पाहिले. सगळे जसे करीत होते, तसे मीही केले; पिशवी पाण्यात सोडली. ती बुडाली नाही. हवा भरून फुगली आणि पाण्यावर हलके हलके तरंगत पुढे गेली. वडील विरघळले असतील; पिशवी विरघळली नसणार. ती कदाचित नांदूरच्या बंधाऱ्यापर्यंत आली असेल. कदाचित आमच्याच कालव्याला लागली असेल. म्हणून गोदावरी कोणी घाण केली, हा प्रश्न निघाला की मी दुसऱ्याचे नाव घेण्याआधी माझे घेतो.

आणि म्हणूनच नाशिकच्या ज्या मुलांनी गणेशविसर्जनाच्या दिवशी घाटावर उभे राहून ‘देव द्या, देवपण घ्या’ असे म्हणत भाविकांकडून मूर्ती स्वीकारण्याचे व्रत चालविले, त्यांच्यापुढे मला नम्र व्हावेसे वाटते. हे काम ‘विद्यार्थी कृती समिती’च्या तरुणांचे. पाण्यात न विरघळणाऱ्या प्लास्टरच्या मूर्ती नदीत जाऊ नयेत, एवढाच हेतू. श्रद्धेने आलेल्या माणसाला अडवावयाचे, पण दुखवावयाचे नाही. नको म्हणावयाचे, पण हात जोडून. असा एखादा मुलगा १९८८ साली मला भेटता, तर ती पिशवी मी खिशात घालून परत आणली असती.

तिसरी हाळी अगदी अलीकडची. तपोवन ही नाशिकची जुनी वनराई. कपिला नदी तेथे गोदावरीस मिळते. २०२७ च्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारावयाचे म्हणून २०२५ च्या नोव्हेंबरात तेथील सुमारे अठराशे झाडांबाबत तोड वा पुनर्रोपणाचा प्रस्ताव पुढे आला. लगेच नागरिकांचा विरोध उभा राहिला. शाळकरी मुले, गृहिणी, वृद्ध माणसे, कलावंत तपोवनात जमू लागले; झाडांना मिठ्या मारून उभे राहिले. नट श्री. सयाजी शिंदे यांच्यासारखे वृक्षप्रेमी तेथे आले. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले आणि डिसेंबर २०२५ मध्ये वृक्षतोडीला अंतरिम स्थगिती मिळाली. अंतरिम स्थगिती म्हणजे अंतिम निकाल नव्हे, हे मला कळते. पण जागल्याच्या हाळीने गाव जागे झाले, एवढे तर खरे.

नदीच्या गोष्टीत झाडे कोठून आली, असे कोणी विचारील. काठावरचे झाड पावसाचा मार अंगावर घेते, मुळांनी माती धरते, आणि पाणी भूमीत मुरण्यास अवधी देते. झाडे गेली की तीच माती पुढे पात्रात येते. नांदूर मधमेश्वरचा जलाशय गाळाने कसा भरत गेला, ते तेथे जाऊन कोणीही पाहावे. त्या उथळ पाण्यात पक्षी आले, १९८६ साली तेथे अभयारण्य झाले, आणि पुढे महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून त्याला आंतरराष्ट्रीय मानही मिळाला. पक्ष्यांचे भले झाले, त्याचा आनंद आहे. पण वरून मैला आला की पाणवेली माजतात, आणि पाणवेलींच्या गालिच्याखाली मासाही गुदमरतो व पक्षीही उपाशी राहतो.

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. पुष्कळ सज्जन माणसे म्हणतात, “हे लोक प्रत्येक कामात आडवे येतात. यात्रा आली की यांची याचिका आली.” आम्ही शिर्डीकर यात्रेकरूंवर जगणारी माणसे. यात्रेकरूला सोय हवी, रस्ता हवा, राहण्यास जागा हवी, हे आम्हांला कोणी शिकवावयास नको. तेव्हा हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पण मी उलट विचारतो : सिंहस्थाला माणसे कशासाठी येतात? घाटाच्या फरशीसाठी? तंबूसाठी? ती येतात पाण्यासाठी. पाणीच स्नानाच्या लायकीचे उरले नाही, तर सर्व सोयी करून आपण त्यांना कोठे नेऊन सोडणार? नदी राखा असे सांगणारा माणूस यात्रेचा शत्रू नव्हे. यात्रेचे मूळ राखणारा तोच आहे.

शिवाय काठावरच्या माणसाला पाण्याविषयी जे कळते, ते कचेरीतल्या नकाशाला नेहमी कळतेच असे नाही. मुंबईचे उदाहरण घ्या. सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळीच्या कोळ्यांच्या क्लीव्हलँड बंदरासमोर पुलाच्या खांबांमध्ये ६० मीटरांचे अंतर ठेवले जाणार होते. कोळी म्हणाले, भरतीच्या वेळी, वारा असताना, एवढ्या फटीतून होड्या सुखरूप जाणार नाहीत. त्यांना लाटा ठाऊक, खडक ठाऊक. त्यांनी आपल्या होड्या समुद्रात नेऊन काम अडविले, चर्चा केल्या, अभ्यास मागितले. अखेर २०२२ च्या अखेरीस शासनाने हे अंतर १२० मीटर करण्याचे मान्य केले. मार्गही झाला आणि त्यांच्या मागणीपेक्षा कमी का होईना, होड्यांना वाटही मिळाली. विरोध म्हणजे केवळ अडवणूक असती, तर असे झाले नसते.

आणि हा रोग काही आपल्याच देशाचा नाही. लंडनच्या थेम्स नदीला १८५८ च्या उन्हाळ्यात असा काही दर्प सुटला, की काठावरच्या पार्लमेंटात बसणे अशक्य झाले. खिडक्यांच्या पडद्यांना चुन्याचे औषध लावूनही भागेना. तेव्हा कोठे सभासदांनी घाईघाईने गटारांच्या मोठ्या योजनेला मंजुरी दिली. गरिबांच्या वस्तीत हा वास वर्षानुवर्षे येतच होता आणि पटकीने माणसे मरतच होती. पण तो वास जोवर सत्ताधाऱ्यांच्या नाकापर्यंत पोचला नव्हता, तोवर काही हलले नाही. तरीही पुढच्या शतकात, १९५७ साली, तीच थेम्स जीवशास्त्राच्या दृष्टीने मृत ठरविली गेली. आणि त्यानंतर सतत राबून लोकांनी तिच्यात पुन्हा मासे आणले. या कथेतून मी दोन गोष्टी घेतो. नदी मरते, आणि प्रयत्न केला तर पुन्हा जगते. दुसरी अशी की, वास आपल्या नाकाशी येईपर्यंत वाट पाहू नये.

म्हणून आता आपल्या शिर्डीकडे येतो. नाशिकच्या लोकांनी काय करावे हे सांगण्याचा अधिकार आपणांस केव्हा येईल? आपण स्वतः काही केले तर. आपण वरच्या अंगाकडे बोट दाखवितो, पण आपणही कोणाच्या तरी वरच्या अंगाला आहोत. शिर्डीतून वाहून जाणारा प्रत्येक थेंब, लेंडीच्या ओढ्याने जावो की शेताच्या चरीने जावो, खोऱ्याच्या उतारानेच अखेर गोदावरीकडे जातो. तिच्यावर पुढे पैठणला जायकवाडीचे धरण आहे आणि त्या पाण्यावर छत्रपती संभाजीनगर शहर तहान भागविते. म्हणजे तेथल्या एखाद्या माऊलीच्या माठात आपल्या गावचा हिशेब रोज लिहिला जात आहे. आपल्या गावात रोज हजारो पाहुणे येतात, जेवतात, स्नान करतात, आणि जातात. त्यांच्या मागे राहणारे पाणी कोठे जाते, हे आपल्यापैकी किती जणांनी जाऊन पाहिले आहे? मी स्वतः, खरे सांगावयाचे तर, निवृत्त झाल्यावर प्रथम पाहिले.

एके सकाळी मी आणि माझी नात, असे दोघे ओढ्याच्या काठाने चालत गेलो. तिच्या हातात वही होती. जेथे जेथे एखादे गटार ओढ्याला मिळत होते, तेथे तेथे ती खूण करी. घरी आल्यावर तिने त्या खुणांचा एक वेडावाकडा नकाशा काढला. तो नकाशा काही न्यायालयात मांडण्यासारखा नाही. पण माझ्या भिंतीवरच्या छापील नकाशापेक्षा तो अधिक खरा होता, हे मी कबूल करतो. मला वाटते, प्रत्येक शाळेने वर्षातून एकदा तरी मुलांकडून असा नकाशा काढून घ्यावा. पाणी येते कोठून आणि जाते कोठे, एवढ्या दोनच रेघा. गृहिणींनी आपल्या पाण्याच्या तपासणीचा अहवाल नगरपरिषदेकडे मागावा. तो मागण्याचा नागरिकांना हक्क आहे. आणि नाशिकला स्नानास वा विधीस जाणाऱ्या प्रत्येकाने जाताना एक रिकामी कापडी पिशवी खांद्याला लावावी, आणि आपण नेलेला कचरा तिच्यात घालून परत आणावा. हे फार लहान काम आहे. पण जागल्याचे कामही लहानच असते. नुसते जागे राहावयाचे.

नाशिकची ही माणसे थकत नसतील असे नाही. एक याचिका वर्षानुवर्षे चालते, एक आदेश निघतो, तो मोडला जातो, पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख. तरुणपणी उभे राहिलेले कार्यकर्ते याच कामात प्रौढ झाले. जागल्याला सर्वांत अधिक कशाने थकवा येतो? रात्रीने नव्हे. हाळी दिली आणि कोणीच उठले नाही, तर त्याने. खालच्या अंगाच्या गावांनी, कोपरगावने, राहात्याने, शिर्डीने, त्यांच्या हाळीला ‘ओ’ दिली, तर त्यांचा आवाज दुप्पट होईल. पाणी आपल्याकडे येते. आपले उत्तर त्यांच्याकडे जावयास नको काय?

श्रोतेहो, त्या मुलाची गोष्ट अपुरी राहिली. तो आता कोठे आहे, मला माहीत नाही. मोठा झाला असेल, संसारी असेल. तो हे भाषण ऐकत असेल, तर त्याला माझा निरोप असा : बाळ, तुझ्या पेपरातील शिर्डीच्या नावावर मी ओढलेली लाल रेघ आज सर्वांसमक्ष खोडतो. शिर्डी गोदावरीच्या काठावरच आहे. तुझे उत्तर बरोबर होते. तुला पूर्ण गुण.